गाडीचा नवा भाग कोणी बसवायचा?

आज खेडोपाडी मोटारसायकल आली आहे. डेअरीला दूध घालायचे आहे, काढा मोटारसायकल. पोराला शाळेत सोडायचे आहे, काढा मोटारसायकल. रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असले तरी तीच. पूर्वी दारात बैलजोडी असे, तशी आता मोटारसायकल उभी असते.

गाडी घेतली की ती आहे तशीच कोणी ठेवत नाही. कोणी सीटला नवे कव्हर घालतो. कोणी मोबाइल ठेवायला हँडलवर पकड बसवतो. शेतावर रात्री पाणी द्यायला जाणारा जादा दिवे लावतो. दूधवाला मागे किटल्यांचा स्टँड लावतो. हे भाग गाडीबरोबर कारखान्यातून येत नाहीत. ते आपण मागाहून बाजारातून आणतो.

भाग आणला की प्रश्न पडतो. हा आपणच घरी बसवावा? गावातल्या मिस्त्रीकडून बसवून घ्यावा? की तालुक्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी न्यावी?

कोणी म्हणतो, "त्यात काय मोठे? दोन नट तर आवळायचे." कोणी म्हणतो, "नको बाबा, कंपनीच्या माणसाशिवाय गाडीला हात लावू नये." दोघांचेही थोडे खरे आहे आणि थोडे चूक आहे. सगळी कामे सारखी नसतात. म्हणून आधी काम ओळखावे, मग माणूस ठरवावा. काम कसे ओळखायचे ते आता पाहू.

तीन ठिकाणे

पहिले ठिकाण आपले घर. इथे मजुरी लागत नाही. हेलपाटा नाही. आपल्या सवडीने काम होते. शिवाय आपली गाडी आपल्याला कळू लागते. पण घरी सगळी हत्यारे नसतात. काम चुकले तर त्याचा भार आपल्यावरच येतो.

दुसरे ठिकाण गावातला किंवा बाजाराच्या गावचा मिस्त्री. त्याचा हात बसलेला असतो. मजुरी बेताची असते. तो ओळखीचा असतो, म्हणून काही बिघडले तर पुन्हा त्याच्याकडे जाता येते. पण सगळे मिस्त्री सारखे नसतात. जुन्या गाड्यांत तरबेज असलेल्या मिस्त्रीला नव्या गाडीतले विजेचे काम माहीत असेलच असे नाही.

तिसरे ठिकाण कंपनीचे सर्व्हिस सेंटर. तिथे त्या गाडीची खास हत्यारे असतात. कामाची पक्की पावती मिळते. गाडीची हमी चालू असेल तर ती सांभाळली जाते. पण तिथे मजुरी जास्त पडते. जाण्यायेण्यात दिवस मोडतो.

समजा, तालुका वीस किलोमीटर लांब आहे. एक आरसा बसवायचा आहे. त्यासाठी चाळीस किलोमीटरचे पेट्रोल जाळायचे आणि एक दिवसाचा रोज बुडवायचा, हा शहाणपणा नव्हे. पण समजा, ब्रेकचे काम आहे. तिथे तेवढाच रोज वाचवायला जाणे हाही शहाणपणा नव्हे. म्हणजे नुसता पैशाचा हिशेब पुरत नाही. आणखी एक गोष्ट पाहावी लागते.

तो सुटला तर काय होईल?

कोणताही नवा भाग हातात घ्या आणि स्वतःला विचारा, "हा भाग रस्त्यात सुटला, तुटला किंवा अडकला, तर काय होईल?"

सीटचे कव्हर सुटले तर काय होईल? कव्हर उडून जाईल. नुकसान फार तर दोन-तीनशे रुपयांचे. हे काम घरी करावे.

वायरीचा जोड सुटला तर काय होईल? रात्री दिवा विझेल. वायर लोखंडाला लागली तर ठिणगी पडेल. गाडी बंद पडेल, पेटही घेईल. हे काम जाणत्या मिस्त्रीचे.

ब्रेक सुटला तर काय होईल? माणूस जाईल. हे काम खात्रीच्या कारागिराचेच. तिथे हौस नको आणि काटकसरही नको.

पाहा, प्रश्न एकच आहे. उत्तर मात्र तीन तऱ्हांचे येते. वस्तू जाणार असेल तर घरी करा. गाडी जाणार असेल तर मिस्त्रीकडे जा. माणूस जाणार असेल तर खात्रीच्या ठिकाणीच जा.

काही कामे दिसायला सोपी असतात, पण ह्या प्रश्नाला टिकत नाहीत. हँडलच्या मुठीचे रबर घ्या. डाव्या मुठीचे रबर बदलणे सोपे आहे. उजवी मूठ मात्र रेसची आहे. तिथे लांब किंवा जाड रबर चढवले तर ते बाजूला घासते. मग मूठ सोडली तरी रेस मागे येत नाही. समोर गुरे आली आणि गाडी पळतच राहिली, तर काय होईल? म्हणून उजव्या मुठीचे रबर जाणत्याकडूनच बसवावे. बसवल्यावर मूठ पिळून सोडून पाहावी. ती आपोआप पटकन मागे आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही हेच करून पाहावे.

घरी बसवण्याजोगे भाग

सीटचे कव्हर, आरसा, मोबाइलची साधी पकड, टाकीवरची पिशवी, मागचे मडफ्लॅप हे भाग घरी बसवता येतात. त्यासाठी काही हत्यारे हवीत. १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने, एक पक्कड आणि दोन तोंडांचे स्क्रू ड्रायव्हर. पान्यावर जो आकडा असतो तो मिलीमीटरचा असतो. नटाच्या मापाचाच पाना लावावा. मोठा पाना लावून चिंधी कोंबू नये. त्याने नटाचे कोपरे मोडतात. मग तो नट कोणाच्याच हाती लागत नाही.

आता आरसा बसवण्याची रीत पाहू.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. चावी काढून घ्या. नवा आरसा आपल्याच गाडीचा आहे ना, हे खोक्यावर वाचून घ्या. गाडीचे नाव आणि साल दोन्ही पाहा. मग आरशाच्या दांडीचे आटे पुसून घ्या. आटे म्हणजे स्क्रूवरची गोल रेघ. पहिले तीन-चार वेढे पान्याने नव्हे, बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत असेल तर आटे बरोबर बसले. फिरत नसेल तर जोर लावू नका. उलटे फिरवून बाहेर काढा आणि पुन्हा सरळ लावा. वाकड्या आट्यावर जोर केला की आटे कायमचे मरतात.

सहसा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की नट आवळतो. उलट फिरवले की सुटतो. पण काही ठिकाणी आटे मुद्दाम उलटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तसे काही मोटारसायकलींच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात. म्हणून जुना आरसा काढताना तो कोणत्या बाजूने सुटला ते ध्यानात ठेवा.

किती आवळावे? ढिला नट सुटतो. फार आवळलेला तुटतो. लांब पाना असला की थोड्या जोरातही नट फार आवळला जातो. लांब पहारीने मोठा धोंडा हलतो, तसेच हे आहे. १० नंबरच्या बारीक नटाला लांब पाना लावून अंगाचा भार देऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत प्रत्येक मोठ्या नटापुढे एक आकडा दिलेला असतो. त्याचे माप 'न्यूटन-मीटर' आहे. ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगले तर नटावर सुमारे ३० न्यूटन-मीटर जोर येतो. हा जोर मोजणारा खास पाना मिळतो. ज्या नटाला असा मोजलेला जोर लागतो, तो नट मोजक्या पान्यानेच आवळला पाहिजे. असा पाना आपल्याकडे नसेल तर ते काम घरचे नव्हे.

मोबाइलची पकड बसवली तर एक गोष्ट पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. पकड टाकीला लागता कामा नये. क्लच आणि ब्रेकची दांडी पूर्ण दाबून पाहा. मध्ये काही अडता कामा नये. आणि गाडी चालवताना मोबाइलकडे पाहू नये, मग पकड कितीही चांगली असो.

विजेचे काम

पुष्कळ जणांची फसगत इथे होते. समजा, एक तरुण शेतकरी दोन जादा दिवे घेऊन मिस्त्रीकडे आला. त्यांचे बोलणे असे होईल.

"मामा, दोनच वायरी जोडायच्या आहेत. हेडलाइटच्या वायरीत जोडून टाकू का घरी?"

"जोडशील रे. दिवा लागेलही. पण किती वॅटचे दिवे आहेत?"

"ते नाही पाहिले."

"खोक्यावर वाच की. आता तुला वाचता येतं ना?"

"चाळीस वॅट लिहिलंय. एकेक चाळीसचा."

"म्हणजे दोन्ही मिळून ऐंशी. आता हिशेब कर."

हा हिशेब आपणही करू. मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टची असते. वॅटच्या आकड्याला १२ ने भागले की किती अँपिअर वीज वाहते ते कळते. साध्या हेडलाइटचा जुन्या तऱ्हेचा दिवा पुष्कळ गाड्यांत ३५ वॅटचा असतो. ३५ भागिले १२ म्हणजे सुमारे ३ अँपिअर. जादा दोन दिवे ८० वॅटचे. ८० भागिले १२ म्हणजे पावणेसात अँपिअरच्या आसपास. हेडलाइटची वायर तीन अँपिअरच्या बेताने दिलेली असते. तिच्यातून आता दहा अँपिअर जाऊ लागतात. वायर तापते. तिच्यावरचे प्लॅस्टिक मऊ होते. वायर टाकीखालून जाते आणि टाकीत पेट्रोल असते.

ही हानी पहिल्या दिवशी दिसत नाही. दिवा झकास लागतो. मालक खूश होतो. पुढे पावसाळ्यात जोडात पाणी शिरते. हँडल वळताना वायर घासते आणि तांबे उघडे पडते. मग एके रात्री आडरानात गाडी बंद पडते. विजेचे काम आज चालले म्हणजे बरोबर झाले, असे समजू नये.

जादा दिव्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र फ्यूज आणि 'रिले' लागतो. रिले म्हणजे काय? विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर आठवा. आपण हिरवे बटण दाबतो. पंपाची सगळी वीज काही बटणातून जात नाही. बटणातून थोडी वीज जाते. तिच्या जोरावर आतला खटका लागतो. मग पंपाची मोठी वीज त्या खटक्यातून जाते. रिले हा असाच लहान स्टार्टर आहे. त्यामुळे गाडीच्या मूळ वायरीवर भार पडत नाही.

फ्यूज ही विजेची राखण आहे. वीज जास्त झाली की फ्यूज आधी वितळतो आणि वायर वाचते. फ्यूज वारंवार जात असेल तर कुठे तरी दोष आहे. तो दोष शोधला पाहिजे. काही जण मोठा फ्यूज घालतात किंवा तार गुंडाळतात. हे म्हणजे राखणदाराला बांधून ठेवून चोराला दार उघडे करून देण्यासारखे आहे.

नव्या गाड्यांत आणखी जपावे लागते. १ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे नवे नियम लागू झाले. त्यांना 'बी.एस. सहा' म्हणतात. ह्या नियमांच्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल किती सोडायचे ते एक विजेची पेटी ठरवते. तिला वायरीवाटे सगळीकडून खबर मिळत असते. भलतीच वायर कापली किंवा ओढली तर गाडी चालूच होत नाही. ती पेटी महाग असते. अशा गाडीचे विजेचे काम सर्व्हिस सेंटरमध्ये करावे, किंवा नव्या गाड्यांची माहिती असलेल्या मिस्त्रीकडे करावे. वायर न कापता जोडता येईल असे तयार जोड मिळतात. तेच मागावेत.

विजेवर चालणारी दुचाकी असेल तर तिच्या मोठ्या बॅटरीला घरी हात लावूच नये. तिथे बारा व्होल्ट नसतात. ४८, ६० किंवा ७२ व्होल्टही असतात.

साध्या गाडीची बॅटरी कधी काढावी लागली तर एक नियम पाळा. काढताना आधी वजा खुणेची वायर सोडवा, मग अधिक खुणेची. बसवताना आधी अधिक, मग वजा. कारण गाडीचे सगळे लोखंड वजा बाजूला जोडलेले असते. वजा बाजू सुटलेली असली की पाना लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

ब्रेक आणि चाक

ब्रेकचे लायनर बाजारात स्वस्त मिळतात. चाक काढून ते बदलता येतात, हेही खरे. पण आपला प्रश्न विचारा. सुटले तर काय होईल?

लायनरला ग्रीसचे बोट लागले तरी ब्रेक लागत नाही. चाकाचा नट कमी आवळला तर चाक डोलते. नटातली पिन विसरली तर नट फिरून निघतो. शिवाय आतली काळी धूळ घातक असते. ती तोंडाने फुंकू नये. श्वासावाटे छातीत जाते.

१ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोड-ब्रेक किंवा त्याहून पुढची ब्रेकची व्यवस्था सक्तीची झाली. जोड-ब्रेकात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाके आवरली जातात. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना चाक घसरू न देणारी 'एबीएस' व्यवस्था असते. ह्या ब्रेकांचे माप एकमेकांशी जुळवावे लागते. ते अंदाजाने जुळत नाही.

टायरचेही असेच. टायर मिस्त्रीकडून चढवून घ्यावा. पण विकत घेताना आपणच वाचावा. टायरच्या बाजूला माप लिहिलेले असते. ते जुन्या टायरच्या मापाशी जुळले पाहिजे. आय.एस.आय.ची खूण पाहावी. तिथेच चौकटीत चार आकडे असतात. समजा ३४२३ लिहिले आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. म्हणजे हा टायर २०२३ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून गळ्यात पडू नये, म्हणून हे वाचावे. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा.

साडीगार्ड आणि दुधाचा स्टँड

मागच्या चाकाशेजारी डाव्या बाजूला जाळी असते. तिला साडीगार्ड म्हणतात. काही तरुण गाडी दिसायला चांगली व्हावी म्हणून ती काढून टाकतात. हे फार वाईट. मागे बसलेल्या बाईचा पदर किंवा मुलीची ओढणी चाकात गुंतली की ती क्षणात ओढली जाते. गळ्याला फास बसतो किंवा बाई रस्त्यावर आपटते. पुढे बसलेल्याला कळेपर्यंत सगळे होऊन जाते. म्हणून कायद्यानेच ही जाळी घालून दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम असा आहे. मागच्या माणसाला धरायला पकड हवी. पाय ठेवायला जागा हवी. आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे.

साडीगार्ड तुटला असेल तर तो त्याच गाडीच्या मापाचा आणावा आणि मिस्त्रीकडून बसवावा. तारेने बांधू नये. सुटलेली तार स्वतःच चाकात जाते.

आता दुधाचा स्टँड. तो बसवण्याआधी वजनाचा हिशेब करा. एक लीटर दूध एक किलोहून थोडे जास्त भरते. वीस लीटर दूध सुमारे साडेवीस किलो. दोन बाजूंना वीस-वीस लीटरच्या किटल्या लावल्या तर दूध झाले एकेचाळीस किलो. समजा, रिकामी किटली चार किलोची. दोन्हींचे आठ. चालवणारा साठ किलोचा. सगळे मिळून एकशे नऊ किलो. गाडी किती वजन वाहू शकते ते पुस्तिकेत लिहिलेले असते. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांत ते १३० किलोच्या आसपास असते. म्हणजे एवढे चालेल. पण चाळीस-चाळीस लीटरच्या किटल्या टांगल्या तर नुसते दूधच ब्याऐंशी किलो होते. किटल्या आणि माणूस धरून दीडशेच्या वर जाते. इथे स्टँड कोण बसवतो हा प्रश्नच उरत नाही. तो भार त्या गाडीचा नव्हेच.

स्टँड नट-बोल्टाने बसणारा घ्यावा. गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करू नये. जोराच्या आचेने तिथले लोखंड कमजोर होते आणि पुढे खड्ड्यात तडा जातो. बॅटरी न सोडवता वेल्डिंग केले तर विजेची पेटीही जळू शकते. स्टँडने मागचा लाल दिवा, इंडिकेटर आणि नंबरची पाटी झाकता कामा नये.

जे बसवूच नये

काही भाग कोणीच बसवू नयेत. आपण नाही, मिस्त्रीने नाही आणि सर्व्हिस सेंटरनेही नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्याने नोंदणी पुस्तकातली माहिती आणि गाडी यांत फरक पडेल. २०१९ साली ह्या कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेले भाग बसवून गाडी बदलली तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आवाज आणि धूर यांचे नियम मोडले तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर ह्यातच येतो. निरनिराळ्या सुरांत वाजणारा किंवा कर्कश हॉर्नही नियमाला धरून नाही. "दुकानात उघड विकतात, मग गुन्हा कसा?" असे कोणी विचारील. दुकानात विकणे आणि रस्त्यावर वापरणे ह्या दोन गोष्टी आहेत. दंड भरताना दुकानदार शेजारी उभा नसतो.

एक सवलत ध्यानात ठेवा. अपंग माणसाला चालवता यावी म्हणून गाडीला जादा चाके वगैरे लावता येतात. पण आधी आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन परवानगी घ्यावी आणि तशी नोंद करून घ्यावी.

हमी आणि पावती

नव्या गाडीला कंपनी हमी देते. काही वर्षे किंवा काही हजार किलोमीटर, जे आधी संपेल तोवर ती चालते. हमीच्या पुस्तिकेत कोणत्या कामाने हमी जाते हेही लिहिलेले असते. सीटचे कव्हर घातल्याने इंजिनाची हमी जाते, असे कोणी सांगितले तर ते कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगा. पण आपण वायर कापली आणि मग विजेचा बिघाड झाला, तर कंपनी हात वर करते. म्हणून हमी चालू असेतो विजेचे आणि इंजिनाचे काम सर्व्हिस सेंटरमध्येच करावे.

नवी गाडी घेताना दुकानदार पुष्कळ जादा भाग यादीत घालतो. यादी वाचा. एकेका भागाची किंमत विचारा. नको असेल तो भाग नको म्हणून सांगा. हौसेचे भाग त्याच्याकडूनच घेतले पाहिजेत असे बंधन नाही.

काम कोणीही केले तरी पावती घ्या. भागाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून मागा. गाडीचा नंबर आणि तारीख पाहून घ्या. तोंडी हमी हवेत विरते. काम वाईट झाले आणि दाद मिळाली नाही, तर १९१५ ह्या नंबरावर फोन करून ग्राहक तक्रार नोंदवता येते. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावे लागते. दोन्हीकडे पावतीच कामी येते.

महागडा भाग बसवला असेल तर विमा कंपनीला कळवा. विम्यात नोंद नसलेल्या जादा भागाची भरपाई सहसा मिळत नाही.

बसवून झाल्यावर

भाग घरी बसवा किंवा बाहेर, शेवटची तपासणी मालकानेच करावी. गाडी ताब्यात घेण्याआधी हे पाहा.

दोन्ही ब्रेक दाबून पाहा. मूठ पिळून सोडा. हँडल दोन्ही बाजूंना वळवा. सगळे दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न लावून पाहा. मागचा लाल दिवा ब्रेकबरोबर लागतो का, ते दुसऱ्याला बघायला सांगा. मग एकट्यानेच हळू एक फेरी मारा. बायकोमुलांना पहिल्या फेरीला मागे बसवू नका.

नवा नट पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो आणि ढिला होतो. म्हणून आठवड्याने पुन्हा पाना लावून पाहा.

लक्षात ठेवा

सुटला तर वस्तू जाईल असा भाग घरी बसवा.

सुटला तर गाडी जाईल असा भाग जाणत्या मिस्त्रीला द्या.

सुटला तर माणूस जाईल असा भाग खात्रीच्या ठिकाणीच बसवा. तिथे मजुरी पाहू नका.

नोंदणी पुस्तकाशी जुळत नाही असा भाग घेऊच नका.

खोके, पुस्तिका, टायर आणि पावती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न

१. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीला कोणकोणते जादा भाग बसवले आहेत? त्यांची यादी लिहा. प्रत्येकापुढे "सुटला तर काय होईल?" ह्याचे उत्तर लिहा.

२. २४ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावले, तर किती अँपिअर वीज वाहील?

३. गाडीच्या मागच्या टायरवरचे चार आकडे वाचा. टायर कोणत्या साली तयार झाला?

४. गाडीला साडीगार्ड आहे का? नसेल तर आज काय कराल?